येवला बाजारपेठ: घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत काय काय आहे, आणि पैठणीच्या चिठ्ठीचं काय करायचं?

कापडपेठ | १० सप्टेंबर २०२५, रात्री ९.१०

मंडळी, गणपती उठले, पितृपक्ष सुरू आहे, पेठ थंड आहे. गल्ल्यावर बसून बोलायला याहून बरा वेळ वर्षात मिळत नाही, म्हणून धागा आत्ताच काढतोय.

आधी पुढच्या चार महिन्यांचं. २२ सप्टेंबरला, सोमवारी घटस्थापना. कोटमगावला जगदंबेची यात्रा तेव्हापासून दसऱ्यापर्यंत. जीएसटीचे नवे दरही नेमके त्याच दिवसापासून लागू. दसरा २ ऑक्टोबरला. १३ ऑक्टोबरला धर्मांतर घोषणेच्या दिवसाची मुक्तिभूमीवर गर्दी असते, यंदा सोमवार आहे. २१ ऑक्टोबरचं लक्ष्मीपूजन मंगळवारी आलंय, म्हणजे आपल्या आठवडे बाजाराच्या दिवशीच. नंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. आणि संक्रांत १४ जानेवारीला, बुधवारी. भोगी मंगळवारी, म्हणजे परत बाजार आणि पतंग एकाच दिवशी. ज्याला त्याला आपापली तयारी करता यावी म्हणून एका जागी लिहून ठेवलं. राहिलेलं तुम्ही भरा.

आता माझा मुद्दा. बाहेरगावचं गिऱ्हाईक आता दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न विचारतं: "ही खरी आहे का?" पूर्वी विचारायचे, "मोर किती आहेत पदरावर?" हा बदल मला फार टोचतो. माझं मत असं की या नवरात्रापासून प्रत्येक दुकानाने हातमागाची आणि यंत्रमागाची पैठणी वेगळ्या कपाटात लावावी, आणि प्रत्येक साडीला एक साधी चिठ्ठी जोडावी. तीन ओळी पुरे: माग कोणता, रेशीम कोणतं, जर कोणती. यंत्रमागाची विकू नका असं मी म्हणत नाही. मीही विकतो. पण सांगून विकू.

बोला.

अंदरसूलकर | ९.३२

पैठणीचं तुम्ही बघा. लक्ष्मीपूजन मंगळवारी आलंय त्याचं आधी काहीतरी करा. झेंडू, केरसुण्या, बोळकी, लाह्या-बत्तासे घेऊन खेड्यावरची माणसं येणार, वर रोजचा भाजीबाजार. विंचूर चौफुलीपासून पुढे चालायला जागा राहणार नाही. बसायच्या जागा आठ दिवस आधी आखून द्या, नाहीतर झेंडूवाले हायवेच्या कडेला बसतील आणि मागून कंटेनर जातील. दरवर्षी जीव मुठीत धरून बसतात बायका.

पेठेतली_सून | ९.४०

अंदरसूलकर भाऊंना अनुमोदन. आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं ठेवा. कुलूप कोणाकडे असतं ते बाजाराच्या दिवशी कळत नाही. सकाळी सहाला निघालेल्या बाईने संध्याकाळपर्यंत काय करायचं?

धोटा_कांडी | १०.०५

कापडपेठ शेठ, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. आमच्यासारख्या मागावरच्या माणसाने लिहिलं असतं तर रडगाणं म्हणाले असते.

मी मागावर बसतो. पदर कसा होतो ते लोकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. पदरावर मोर काढायचा तर जितके रंग, जितक्या जागी, तितक्या दोऱ्याच्या छोट्या कांड्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, लोंबत असतात. पिवळ्याचा भाग संपला की पिवळी कांडी हिरवीच्या दोऱ्यात अडकवून परत फिरवायची, मग हिरवी पुढे. एक ओळ भरली की फणी मारायची. मग पुढची ओळ. सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी उठतो तेव्हा अवघड नक्षी असली तर चार बोटंसुद्धा पुढे सरकलेली नसते. मुनियाच्या (पोपटांच्या) काठाची साधी साडी आठ-दहा दिवसांत उतरते, भरगच्च ब्रोकेडला महिने जातात. एवढं केल्यावर तीच नक्षी यंत्रावर काढलेली साडी शेजारी ठेवतात, भाव चौथाई, आणि गिऱ्हाईक मला विचारतं, "तुमची एवढी महाग का?"

चिठ्ठी पाहिजेच. माझं तर म्हणणं आहे चौथी ओळ घाला: विणकराचं नाव.

मेनरोडवाला | १०.२१

धागा चांगला आहे पण एकतर्फी चाललाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्याकडे दिवसाला येणाऱ्या बायकांमध्ये बहुतेक जणी दोन ते चार हजारांतली साडी शोधत असतात. मुलीच्या साखरपुड्यात पाच जणींना मानपान करायचं असतं. ती बाई हातमागाची साडी घेऊच शकत नाही, तिला काठापदराची, नेसल्यावर पैठणी दिसणारी साडी पाहिजे. तिला ती मी देतो आणि सेमी म्हणूनच देतो. त्या विक्रीवर दुकानाचं भाडं निघतं, चार पोरांचे पगार निघतात, आणि त्यातूनच मी विणकरांना रेशमासाठी उचल देतो. वेगळं कपाट केलं की त्या बाईला वाटणार आपण हलक्या कपाटासमोर उभे आहोत. तिचा मान मोडतो. चिठ्ठीला माझी ना नाही. कपाटाला आहे.

धोटा_कांडी, तुमची चौथी ओळ मात्र अवघड. त्यावर उद्या लिहितो.

पुण्याची_माहेरवाशीण | १०.४८

माझं माहेर येवल्याचं, सासर पुण्यात. नणंदेच्या लग्नाला सासूबाईंना मी हट्टाने येवल्याला आणलं. एका दुकानात (नाव लिहीत नाही) हातमागाची म्हणून एकोणीस हजारांची साडी घेतली. बिलावर नुसतं "पैठणी साडी". पुण्याला आल्यावर फॉल लावणाऱ्या ताईंनी पदर उलटा केला आणि गप्प झाल्या. पाठीमागे सगळे धागे कापलेले होते, मोराचा मागचा भाग नुसता केसाळ. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी ती साडी लग्नात नेसली आणि घडी करून ठेवून दिली. माझ्या गावाचं नाव त्या घरात त्या दिवशी खाली गेलं ते अजून वर आलेलं नाही.

दोन-चार हजारांची बाई काय समजेल याची काळजी मेनरोडवाले भाऊ करतात ते योग्यच आहे. पण मग एकोणीस हजारांच्या बाईचीही करा.

कापडपेठ | १०.५५

ताई, वाचून झोप उडाली. बिलावर काय लिहायचं हाही मुद्दा धाग्यात घेऊ. चिठ्ठी हरवते, बिल राहतं.

जुना_ताणा | ११ सप्टेंबर, सकाळी ७.१५

वयाने मोठा आहे म्हणून एक दुरुस्ती करतो. पदराची पाठ बघून ओळखायचं हे सगळे सांगतात. पूर्ण हाताने भरलेल्या पदराला ते लागू आहे, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, हे खरं. पण आता आपल्याच गावात हातमागावर जेकार्ड, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणारी जोडणी, बसवलेलं आहे. काठ आणि बुट्टी त्यावर उतरते. तिथे पाठीमागे धागे दिसणारच. ती साडी हातमागाचीच असते, माणूस पाय मारतो, धोटा हाताने फेकतो. तिला यंत्रमागाची म्हटलं तर त्या विणकरावर अन्याय. माहेरवाशीण ताईंच्या साडीचा पदर कापलेला होता, तो प्रकार वेगळा, ते मान्य.

दुसरं, धागा जाळून बघतात. केसासारखा वास आला आणि राख चुरली तर रेशीम. एवढंच कळतं. यंत्रमागावरही अस्सल रेशमाची साडी निघते. जाळून माग कळत नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला परीक्षा करायला लावू नका. विकणाऱ्याने लिहून द्यावं.

हिशोबनीस | ८.०२

जुना_ताणा काकांनी मुद्द्याला हात घातला. थोडी भर:

सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे, इतकंच. हातमाग कळायचा तर हॅंडलूम मार्क वेगळा असतो. आणि भौगोलिक मानांकन तिसरं, ते पैठणीला मिळालेलं आहे, पण ज्याला ते चिन्ह लावायचं त्याने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. "आमच्या गावाला मानांकन आहे" म्हणून कोणीही चिन्ह छापून चालत नाही. बरेच जण तसं छापतात.

आता जीएसटी, कारण कालपासून मला फोन चालू आहेत. साडी ५ टक्क्यांतच आहे, तिथे बदल नाही. बदल शिवलेल्या कपड्यांत आहे. अडीच हजारांपर्यंतचा शिवलेला कपडा ५ टक्के, त्यावरचा १८. म्हणजे पैठणीचं जॅकेट, तयार कुर्ता, नऊवारी शिवून विकता ती, यांची किंमत अडीच हजारांच्या वर असेल तर २२ तारखेपासून १२ ऐवजी १८ लागेल. लेबलं आत्ताच बदला. टीव्हीवाल्यांचं उलट, तिथे २८ वरून १८. ट्रॅक्टर १२ वरून ५. त्यामुळे दसऱ्याला त्या दुकानांत गर्दी दिसेल. गिऱ्हाईक २२ ची वाट बघत थांबलंय, घाबरू नका.

कांदा_लिलाव | ८.४०

हिशोबनीस साहेब, ट्रॅक्टर ५ टक्क्यांत येवो नाहीतर फुकट येवो, घेणार कोण? कांदा हजार-बाराशेच्या घरात चाललाय. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सडून निम्मा होतोय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात बंदीच घातली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. शुल्क पूर्ण निघालं ते या एप्रिलमध्ये. तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकाने दुसरे देश धरले.

पेठेत बसणाऱ्यांना वाटतं आपलं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. अहो, चपला, भांडी, सोनं, किराणा, खत, शाळेचे बूट, हे सगळं कांद्याच्या पट्टीवर, म्हणजे लिलावात हाती येणाऱ्या पैशांवर, चालतं. शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली की दुसऱ्या तासाला तो तुमच्या दुकानात असतो. बाजार समितीची दिवाळीची सुट्टी कधीपासून कधीपर्यंत, ते या धाग्यात नक्की टाका. लिलाव बंद असताना सेल लावून उपयोग नाही.

अंदरसूलकर | ८.५१

एकदम बरोबर. माझं चपलांचं दुकान आहे. लिलाव बंद तर गल्ला बंद.

सोनारगल्ली | ९.१०

दुरुस्ती: सोनं कांद्यावरही चालत नाही आता. भाव ऐकूनच लोक पायरीवरून परत फिरतात. मोडीला मात्र येतात. दसऱ्याला एक ग्रॅम घ्यायची रीत होती ती तरी टिकावी.

पैठणकर | ९.४५

नमस्कार येवलेकर. मूळ गावावरून आलोय. 😀 नाव आमचं, पेठ तुमची, हे दुःख जुनंच आहे. पण चिठ्ठीची कल्पना आवडली. आमच्याकडे शासकीय पैठणी केंद्रात माग बघायला मिळतो, माणसं विणताना बघून येतात आणि मग भावावर वाद घालत नाहीत. चिठ्ठीपेक्षा माग दाखवा, हा माझा सल्ला.

जुना_ताणा | १०.२०

पैठणकर, या, बसा. नाव तुमचं, कबूल. आमच्याकडे रेशमाचा धंदा गाव वसवणाऱ्या रघुजी नाईकांनी आणला. एका गुजराती व्यापाऱ्याला मक्ता देऊन त्यांनी तो सुरू करवला. तो मक्ता पिढ्यान् पिढ्या चालला आणि १८६४ ला हायकोर्टाच्या निकालाने मोडला. तेव्हापासून कोणीही माग टाकावा अशी मोकळीक झाली. म्हणजे पैठणी कोणी विकायची, कोणाच्या नावावर विकायची, हा तंटा या गावात आजचा नाही.

माग दाखवायचं म्हणता तर अंगणगावला पैठणी पर्यटन केंद्र आहेच. पण गल्लीतल्या घरातला माग बघण्यात जे आहे ते वेगळं.

आसारीवाला | १०.३३

मी विषय बदलतो, माफी असावी. भोगी मंगळवारी म्हणजे बाजाराच्या दिवशी. सकाळपासून गच्च्यांवर हलकड्या वाजणार, पतंग कापला की वकाटच्या आरोळ्या, आणि खाली रस्त्यावर भाजीवाल्यांच्या डोक्यावरून तुटलेला मांजा. यंदा ह्याचा विचार आत्ताच व्हायला पाहिजे.

आमचं घर पतंगाचं. बांबूच्या कामट्या तासायचं काम दिवाळीआधीच सुरू होतं. नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, तरी दरवर्षी कुठून तरी येतो. मोटरसायकलवरच्या माणसाचा गळा कापला जातो, पाखरं तर किती. तो विकणारा दोन दिवसांत पैसे करून निघून जातो आणि नाव बदनाम होतं आम्हा वर्षभर राबणाऱ्यांचं. आसारीवर, म्हणजे दोऱ्याच्या फिरकीवर, साधा दोरा सुतून पेच खेळण्यात जी मजा आहे ती त्या प्लॅस्टिकच्या तारेत नाही. चिठ्ठी पैठणीला लावताय, तशी पतंगाच्या दुकानांवर एक पाटी लावा: इथे नायलॉन मांजा मिळत नाही. पाटी नसेल त्या दुकानात पोराला पाठवू नका.

पेठेतली_सून | १०.४१

आसारीवाले दादा, पाटी करा, मी स्वतः आमच्या गल्लीत फिरून लावून देते. मागच्या संक्रांतीला आमच्या कडुनिंबावर घुबडाचं पिल्लू अडकलं होतं. शिडी लावून काढलं तरी पंख गेला.

मुंबईतला_येवलेकर | ११.०५

संक्रांतीला तीन दिवस सुट्टी टाकून गावी येणार, बातमी पक्की. 😀 दिवाळीला आलो नाही तरी आई रागावत नाही, संक्रांतीला नाही आलो तर रागावते. रंगपंचमीचे टिळक मैदानातले रंगांचे सामने यंदा आहेत ना? ट्रॅक्टरवर पिंप भरून समोरासमोर उभे राहायचं, त्याची तारीख कळवा, ऑफिसात आधी सांगावं लागतं.

कापडपेठ | ११.१२

असतील तर कळवतोच. मार्चला वेळ आहे. आधी नवरात्र.

निळी_पहाट | दुपारी १.३०

१३ ऑक्टोबरबद्दल सगळ्यांनी एक ओळ लिहून सोडून दिली. थोडं थांबून बोलू या.

१९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती या गावात. त्या दिवशी मुक्तिभूमीवर राज्यभरातून माणसं येतात. बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारी माणसं रात्रीच्या गाडीने. पेठेला या दिवसाचं पाहिजे तेवढं भान नाही. काही दुकानं त्या दिवशी अर्धी बंद असतात, "गर्दी आहे" म्हणून. अहो, गर्दी म्हणजे पाहुणे. पिण्याचं पाणी, सावली, चपला सांभाळायची जागा, परतीच्या बसची माहिती, एवढं पेठेने केलं तरी माणसं लक्षात ठेवतील. पुस्तकांचे ठेले लागतात तिथे वाचनालयाने का उभं राहू नये? आणि पैठणीचं म्हणाल तर लांबून आलेल्या बाईला येवल्याला आलो तर पेठ बघू असं वाटतंच. तिला दुकानाची पायरी चढताना आपलेपणा वाटला पाहिजे.

कापडपेठ | १.५०

मान्य. माझ्या दुकानासमोर पाण्याची टाकी आणि मांडव मी घालतो. फत्तेबुरुज नाक्याकडून येणाऱ्यांसाठी आणखी कोणी पुढे या.

अंदरसूलकर | १.५८

नाक्यावर मी. चपला सांभाळायला माझी दोन पोरंही देतो, धंदाच तो आहे आमचा.

नगरसूल_फाटा | २.४०

मी रिक्षा चालवतो नगरसूल स्टेशनवर. नरसापूरची गाडी, काचीगुड्याची गाडी, चेन्नईची गाडी, शिर्डीची सगळी माणसं इथे उतरतात. येवल्यावरूनच जातात, पण थांबत नाहीत. कोणी सांगतच नाही की इथे साडी विणतात. आंध्रा-तेलंगणाच्या बायकांना रेशीम आपल्यापेक्षा जास्त कळतं, हात लावून सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर तेलुगूत चार शब्द लिहा आणि स्टेशनवर एक फलक लावा. आम्हाला कमिशन नको. अर्धा तास थांबायचं भाडं द्या. कमिशन सुरू झालं की रिक्षावाला ज्या दुकानात जास्त मिळतं तिथेच नेणार, आणि परत तेच फसवाफसवीचं.

हिशोबनीस | २.५५

या धाग्यातला सगळ्यात शहाणा प्रतिसाद. कमिशनचे पैसे साडीच्या किमतीतच चढतात.

काळा_कोट | संध्याकाळी ५.१५

कोणीच कायद्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे. त्यात ११ प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलंय आणि साडी त्यात आहे. त्यात बसणारी साडी यंत्रमागावर काढणं हाच गुन्हा आहे. चिठ्ठी लावून तो कायदेशीर होत नाही. "सांगून विकू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मेनरोडवाला | ५.४०

वकीलसाहेब, कायदा कपाटात आहे आणि माल बेंगळुरूपासून सगळीकडून गाड्या भरून येतोय. उद्या मी एकट्याने बंद केलं तर गिऱ्हाईक नाशिकला जाऊन तीच साडी घेईल. कायदा राबवायचा तर जिथे निघते तिथे राबवा.

काळा_कोट | ५.५२

तेही खरं आहे. पण मग बिलावर "हातमाग" लिहून यंत्रमागाची देणारा ग्राहक न्यायालयात उभा राहतो, आणि तिथे मी फुकट उभा राहीन, गिऱ्हाइकाच्या बाजूने. माहेरवाशीण ताईंच्या बिलावर नुसतं "पैठणी" होतं, त्यामुळे त्यांना दाद मागणं अवघड. म्हणून बिलावर पूर्ण लिहून घ्या, हे बायाबापड्यांना सांगा.

मेनरोडवाला | रात्री ९.०५

आता चौथ्या ओळीचं. मोकळेपणाने लिहितो.

विणकराला रेशीम-जर आम्ही देतो, मजुरी ठरते, साडी उतरली की दुकानात येते. रेशमाचा भाव चढला तर फरक आम्ही सोसतो. साडी वर्षभर विकली नाही तर पैसे आमचे अडकतात. विणकराचं नाव चिठ्ठीवर आलं की आज ना उद्या गिऱ्हाईक सरळ त्याच्या घरी. मोबाइलमुळे नाव म्हणजेच पत्ता झालाय. मग दुकानदाराने माल भरून का ठेवायचा? मी कोणाच्या पोटावर पाय देत नाही, पण माझ्याही पोटाचं बघा.

धोटा_कांडी | ९.३८

शेठ, खरं बोललात ते आवडलं. मीही खरं सांगतो.

गिऱ्हाईक घरी यावं अशी आमच्यातल्या सगळ्यांची इच्छा नाही. घर दहा बाय बाराचं, त्यात माग, मागाशेजारी चूल. बायको कांड्या भरते, आई ताण्याचे तुटलेले धागे सांधते. दोन गिऱ्हाइकं आली तर बसवायचं कुठे? चहा करायला उठलं की माग थांबला, माग थांबला की मजुरी थांबली. विकायचं काम तुमचं, ते तुम्हाला जमतं.

मग नाव कशाला? माझा मुलगा कंपनीत लागला, नाशिकला. मागावर बसायला तयार नाही. मी त्याला रागावत नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इतक्या साड्या विणल्या, एकीवर तरी तुमचं नाव आहे का? कंपनीत निदान माझ्या छातीवर बिल्ला आहे." मला उत्तर देता आलं नाही. पुढची पिढी मजुरीसाठी बसेल न बसेल. नावासाठी कदाचित बसेल. फोन नंबर नका छापू. गावसुद्धा नका छापू, येवलं सगळ्यांना माहीत आहे. नाव तेवढं येऊ द्या.

पुण्याची_माहेरवाशीण | ९.४४

धोटा_कांडी दादा, तुमच्या नावाची साडी मी घेणार. दुकानातूनच घेईन, मेनरोडवाल्या भाऊंनी काळजी करू नये.

जुना_ताणा | ९.५०

तो ताणा सांधणाऱ्या आईचंही नाव चिठ्ठीवर यावं, असं मला वाटतं. एका साडीमागे घरातली तीन माणसं असतात. पण आधी एक तर येऊ द्या.

मेनरोडवाला | १०.३०

दोन-तीन जणांशी फोनवर बोललो. नाव चालेल. नंबर नाही, फोटो नाही. ब्रोकेड आणि पूर्ण हाताने भरलेल्या पदराच्या साड्यांपासून सुरुवात करू, त्या थोड्या असतात, सांभाळता येतं. कपाटाला मात्र माझी अजून ना आहे.

कापडपेठ | १०.५५

कपाटाचा हट्ट मी सोडतो. चिठ्ठी आणि बिल या दोन गोष्टींवर सगळे आलो तर कपाट आपोआप लागेल किंवा नाही लागणार, ज्याचं त्याने ठरवावं.

रविवारी, १४ तारखेला सकाळी ११ वाजता माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमू. तोवर ठरलेलं असं:

चिठ्ठीवर चार ओळी. माग: हातमाग, जेकार्ड बसवलेला हातमाग, की यंत्रमाग (जुना_ताणा काकांमुळे मधला प्रकार आला). रेशीम: शुद्ध की मिश्र. जर: असली की टेस्टेड (तांब्याच्या तारेची). विणकर: नाव, फक्त पूर्ण हाताच्या साड्यांवर. हेच शब्द बिलावर. "सेमी" हा शब्द चिठ्ठीवर नको, त्याने काहीच कळत नाही.

नायलॉन मांजाची पाटी: आसारीवाले आणि पेठेतली सून. १३ ऑक्टोबरचं पाणी: दुकानासमोर मी, नाक्यावर अंदरसूलकर. बाजार समितीच्या सुट्टीच्या तारखा: कांदा_लिलाव. लक्ष्मीपूजनाच्या बाजारातल्या जागा आणि स्वच्छतागृहाची किल्ली यासाठी नगरपालिकेत अर्ज घेऊन सोमवारी जाऊ, कोण कोण येतंय ते लिहा.

पेठेतली_सून | ११.०२

मी येते. अजून चार बायका आणते.

सोनारगल्ली | ११.०६

मी आहे. पण जेकार्डच्या साडीवर विणकराचं नाव का नाही? तोही हातानेच विणतो.

धोटा_कांडी | ११.१०

हेच विचारणार होतो. तिथे नाव नाही घातलं तर गिऱ्हाईक ती साडी हलकी समजणार.

मेनरोडवाला | ११.१८

त्या साड्या पुष्कळ असतात हो. बरं, रविवारी बोलू. विणकर किती येणार? खुर्च्या सांगायच्या आहेत.

धोटा_कांडी | ११.२१

खुर्च्या नकोत, सतरंजी टाका. आमच्या गल्लीतून सगळे येतील, त्या दिवशी माग बंद ठेवतो.

नगरसूल_फाटा | ११.४०

तेलुगू चिठ्ठीचं राहिलं. स्टेशनवर एक जण ओळखीचे आहेत, मूळचे तिकडचे. रविवारी त्यांना घेऊन येतो, अकराच्या आधी. काचीगुड्याची गाडी बघून निघतो.